'सगळ्यांचा आत्मा एक': सोसायटीच्या हॉलमध्ये वर्ग कसा घ्यावा

ठाण्यातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये हा विषय घ्यायचा तर बारापेक्षा जास्त माणसं नकोत, आणि दीड तास हाताशी हवा. आल्या आल्या प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. प्रश्न एकच: सगळ्यांत एक आहे ते नेमकं काय? कोणी चैतन्य लिहील, कोणी बुद्धी, कोणी देव. सगळी उत्तरं फळ्यावर लिहा आणि शेवटपर्यंत पुसू नका. या विषयावरची निम्मी भांडणं 'आत्मा' शब्द ज्याने त्याने वेगळा धरल्यामुळेच होतात.

मग प्रयोग. ब्रह्मसूत्र या वेदान्तग्रंथातल्या २.३.५० या सूत्रावरच्या शंकराचार्यांच्या भाष्यात दृष्टान्त आहे: पाण्यातलं एक सूर्यबिंब हललं म्हणून दुसरं हलत नाही. हे दाखवायला लोक चार वाट्यांत पाणी भरून दिवा लावतात आणि फजिती होते. पाणी सपाट आणि एका पातळीत असलं की एका डोळ्याला दिवा एकाच वाटीत दिसतो, शेजारच्याला दुसऱ्या. तलावपाळीवर रात्री चालताना पलीकडच्या दिव्याची रेघ आपल्याच सोबत चालते, ती याचमुळे. म्हणून बिंब पाण्यात शोधायला लावू नका, कवडसे भिंतीवर पाडा.

जांभळी नाक्यावरून दोन इंची चार सपाट आरसे आणा. पसरट वाट्यांच्या तळाशी ते ठेवून वर सेंटिमीटरभर पाणी घाला. वाट्या भिंतीपासून सहा फुटांवर, आठ-आठ इंचांच्या अंतराने, भिंतीला समांतर ओळीत मांडा. मोबाइलचा टॉर्च वाट्यांच्या तीन फूट मागे, तीन फूट उंचीवर धरा. दिवे घालवले की भिंतीवर साधारण सहा फूट उंचीवर चार कवडसे दोन-दोन फुटांच्या अंतराने उमटतात. काडीने एका वाटीतलं पाणी ढवळा. एकच कवडसा थरथरतो, बाकी तीन जागच्या जागी.

पंखा बंद हवाच, नाहीतर चारही एकदम हलतात. वाट्या टीपॉयवर ठेवू नका. एकीला धक्का लागला की टीपॉय हलतो, सगळ्या डचमळतात, आणि कोणीतरी उत्साहाने म्हणतं, "बघा, एकाचं दुःख सगळ्यांना!" ते टीपॉयचं कर्तृत्व. लादीवर मांडा.

कवडसा हलत असतानाच सांख्यांचा, म्हणजे आत्मे अनेक मानणाऱ्या दर्शनाचा, आक्षेप काढा. सांख्यकारिकेतली १८ वी कारिका सांगते की जन्म, मरण, इंद्रियं ज्याची त्याला वेगळी, म्हणून पुरुष, म्हणजे आत्मे, अनेक. आत्मा एक असता तर एक मेला की सगळे मरते, एक आंधळा की सगळे आंधळे. अद्वैती, म्हणजे आत्मा एकच मानणारा, भिंतीकडे बोट दाखवील: हललं ते पाणी, म्हणजे अंतःकरण, टॉर्च, म्हणजे आत्मा, कुठे हलला? इथे घाई नको. विचारा, मग दुःख भोगलं कोणी? पाणी जड, म्हणजे अचेतन, टॉर्च अलिप्त, उरला कवडसा, म्हणजे जीव. यावर दहा मिनिटं गेली तरी जाऊ द्या. वर्गाचा जीव इथेच आहे.

बाराव्या शतकातला कॉर्डोबाचा तत्त्वज्ञ इब्न रुश्द याची मांडणी वेगळी, ती यात कालवू नका. त्याच्या मते एक आहे ती समजून घेणारी बुद्धी. सुखदुःखं ज्याची त्याची. ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने १२७० मध्ये त्यावर बोट ठेवलं: भिंतीचा रंग डोळ्यात उतरला म्हणून भिंत काही पाहू लागत नाही; बुद्धी सगळ्यांची एकच असेल तर माणूस त्या भिंतीसारखाच, मग 'हा माणूस विचार करतो' असं म्हणायचं कसं? त्याच वर्षी १० डिसेंबरला पॅरिसच्या बिशपने १३ विधानं निषिद्ध ठरवली. सर्व माणसांची बुद्धी एकच, हे त्यातलं पहिलं.

एकजीववाद, म्हणजे मुळात जीवच एक आहे हे मत, वीस मिनिटं उरली असतील तरच काढा. "मग तो एक जीव कोण?" हा प्रश्न येतोच. "विचारणारा तूच" हे ठरलेलं उत्तर दिलं की हशा पिकतो आणि वर्ग हातचा जातो.

शेवटी तीच चिठ्ठी परत देऊन मागच्या बाजूला पुन्हा उत्तर लिहून घ्या. ज्याने शब्द बदलला, त्याला कोणत्या आक्षेपाने बदलला तेवढं विचारा. आरसे लगेच पुसून कोरडे करा. पाठीचा मुलामा सुटला की पुढच्या वेळी कवडसे फाटके पडतात.