सेप्सिसच्या रुग्णाच्या मूत्रपिंडांवर लक्ष कसे ठेवावे: नातेवाइकांसाठी

पुण्यात आयसीयूबाहेरच्या बाकांवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो: “लघवी कमी झाली आहे, मग सलाईन का वाढवत नाहीत?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट समजले, तर डॉक्टरांशी बोलताना नेमके काय विचारायचे हे कळते.

दोन्ही मूत्रपिंडांचे वजन शरीराच्या अर्धा टक्काही नसते, तरी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला साधारण एक लिटर, गाळला जाण्यासाठी त्यांच्याकडे जातो. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराच्या अनियंत्रित प्रतिसादामुळे अवयव बिघडू लागतात तेव्हा, हा पुरवठा आटतो आणि म्हणून मूत्रपिंडे निकामी होतात, असे अनेक वर्षे मानले जात होते. रक्तदाब फार घसरला असेल किंवा जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झाले असेल, तर ते खरेही असते. मात्र ऑस्ट्रेलियात मेंढ्यांवर झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शिरेतून जंतू दिल्यावर मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त उलट वाढले, आणि तरीही क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) चढत गेले. बागेतल्या नळीच्या तोंडावरचा अंगठा काढला की पाणी भरपूर वाहते, पण त्याला जोर राहत नाही. तसेच गाळणीतून बाहेर पडणारी धमनी प्रमाणाबाहेर सैलावली, तर रक्त वाहत राहूनही गाळण्याइतका दाब उरत नाही. शिवाय सूक्ष्म वाहिन्यांत रक्त कुठे पोचते, कुठे पोचत नाही, आणि जंतुसंसर्गाचा दाह पेशींना थेट इजा करतो.

म्हणून सलाईनला मर्यादा असते. रक्तदाब कोसळलेला असेल तर पहिल्या 3 तासांत वजनाच्या दर किलोमागे 30 मिलि द्रव देण्याची शिफारस आहे. त्यानंतरही दाब सावरला नाही, तर नॉरॲड्रेनलिनसारखे औषध देऊन सरासरी रक्तदाब (वरच्या आणि खालच्या आकड्यांवरून काढलेला) 65 मिमी पाऱ्याच्या आसपास राखला जातो. यापुढे गरजेपेक्षा जास्त ओतलेले पाणी फुफ्फुसांत साठते आणि मूत्रपिंडांनाही सूज आणते. “सलाईन वाढवा” असा आग्रह धरण्याऐवजी “सरासरी दाब किती आहे, आणि आतापर्यंत शरीरात किती पाणी गेले, किती बाहेर आले?” असे विचारावे.

लघवीचा हिशोब वहीत लिहून ठेवावा. दर तासाला किलोमागे अर्ध्या मिलिपेक्षा कमी लघवी सलग 6 तास होत असेल, तर तो मूत्रपिंडाच्या इजेचा निकष आहे. 60 किलोच्या माणसासाठी हा आकडा तासाला 30 मिलि होतो. भेटीच्या वेळी सिस्टरांना तेवढे विचारता येते. क्रिएटिनिनचा एकटा आकडा फारसे सांगत नाही, त्यामुळे आजाराआधीचा रिपोर्ट घरी असेल तर तो अवश्य आणावा: 48 तासांत 0.3 मिग्रॅ/डेसिलिटरने वाढ झाली तरी ती गंभीर मानतात, मग आकडा कागदावर ‘नॉर्मल’ दिसत असला तरी. लघवी वाढवणारे इंजेक्शन दिल्यावर पिशवी भरली, म्हणजे मूत्रपिंड बरे झाले, असेही समजू नये.

घरी असतानाच सावध राहणे याहून मोलाचे. तापाच्या रुग्णाला भ्रम होऊ लागला, श्वास जोरात चालू लागला किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर सकाळची वाट पाहू नये. 108 ला फोन करावा. अशा तापात डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मेडिकलमधून स्वतःहून आणून देऊ नये, कारण ती मूत्रपिंडात रक्त आणणारी धमनी आकुंचित करतात. मुळा-मुठेच्या पुराच्या किंवा रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यातून रुग्ण चालला असेल, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी हे त्यांना आपणहून सांगावे. लेप्टोस्पायरोसिसचा संशय त्यावरून लवकर येतो, आणि तो आजार मूत्रपिंडांवरच घाला घालतो.

डायलिसिसचे नाव निघाले की घरचे हादरतात. पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाणे, रक्तातील आम्ल वाढणे किंवा फुफ्फुसांत पाणी भरणे अशा वेळी ते टाळता येत नाही. अनेक रुग्णांचे डायलिसिस नंतर थांबतेही. घरी आल्यावर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने पुन्हा तपासून घ्यावीत, आणि डिस्चार्ज कार्डावर ही तारीख लिहून मागावी.