लडाखची पोस्टिंग, कुटुंब आणि रिलीव्हरचे गणित

आर्मी मेडिकल कोअरमध्ये नव्याने आलेले आणि नुकतेच संसाराला लागलेले कॅप्टन मला उत्तरेच्या पोस्टिंगबद्दल विचारतात, तेव्हा त्यांचे प्रश्न बहुधा थंडी, उंची आणि शाळा यांच्याभोवती फिरतात. हे प्रश्न चुकीचे नाहीत. पूर्व लडाखमध्ये सुमारे 14,000 फुटांवर असलेल्या एका बटालियनचा आर.एम.ओ., म्हणजे त्या तुकडीचा एकमेव डॉक्टर, म्हणून निघताना मीही तेच विचारले होते. थंडीवर कपडे मिळतात, उंचीवर वेळापत्रक आहे आणि शाळेसाठी केंद्रीय विद्यालय आहे. ज्या प्रश्नाने माझे पहिले वर्ष विस्कटले, तो मी कोणालाच विचारला नव्हता: मी रजेवर जाईन तेव्हा माझ्या जागी कोण येणार, आणि तो कुठून येणार?

याचा अर्थ थोडा विस्ताराने सांगतो, कारण एवढी एकच गोष्ट समजली तरी बाकीचे निर्णय आपोआप सोपे होतात. अधिकाऱ्याला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 20 दिवसांची नैमित्तिक रजा असते, त्यामुळे कागदावर पाहिले तर घरच्यांच्या वाट्याला जवळपास पावणेतीन महिने येतात, आणि आपण तोच आकडा घरी सांगून मोकळे होतो. बटालियनमधले बाकीचे अधिकारी एकमेकांची कामे वाटून घेऊन पाळीपाळीने रजेवर जातात. डॉक्टर मात्र एकटा असतो. त्याच्या जागी दुसरा डॉक्टर प्रत्यक्ष येऊन उभा राहिल्याशिवाय तो हलू शकत नाही, आणि तो दुसरा डॉक्टरही माणूसच असल्यामुळे त्याच्या फुप्फुसांनाही उंचीची सवय व्हावी लागते.

आता हिशेब मांडा. लेह सुमारे 11,500 फुटांवर आहे. सैन्याच्या वेळापत्रकाप्रमाणे 9,000 ते 12,000 फुटांच्या पहिल्या टप्प्यात 6 दिवस, 12,000 ते 15,000 फुटांच्या दुसऱ्या टप्प्यात 4 दिवस आणि त्याच्याही वर जायचे असेल तर आणखी 4 दिवस काढावे लागतात. रिलीव्हर, म्हणजे हा बदली डॉक्टर, मैदानी भागातून येणार असेल तर माझ्या पोस्टवर कामाला लागेपर्यंत त्याचे 10 दिवस जातात, आणि त्यात प्रवासाचे दिवस धरलेले नाहीत. मी 30 दिवस घरी राहून परतलो, म्हणजे चार आठवड्यांहून अधिक काळ खाली राहिलो, तर मलाही ते 10 दिवस नव्याने काढावे लागतात. म्हणजेच माझ्या एका महिन्याच्या रजेसाठी दुसऱ्या कोणत्या तरी रुग्णालयाला आपला एक डॉक्टर पन्नासहून अधिक दिवस सोडावा लागतो. रजा मंजूर करणाऱ्या कमांडिंग ऑफिसरची सही ही या साखळीतली सर्वांत सोपी कडी आहे, आणि मी नेमका त्याच कडीवर विसंबून राहिलो.

माझ्या पत्नीची प्रसूतीची तारीख जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली होती. ती पुण्यात, तीन वर्षांच्या मुलीसह, बँकेतली नोकरी सांभाळून राहत होती. माझी रजा 1 जानेवारीपासून मंजूर झाली आणि मी त्याच संध्याकाळी घरी फोन करून तसे कळवले. रिलीव्हर 26 डिसेंबरला चंडीगडच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये पोहोचला. त्यानंतरचे दिवस हवामान खराब असल्यामुळे विमान उडाले नाही, आणि तो लेहला उतरला 31 डिसेंबरला. त्याचे पहिले सहा दिवस लेहमध्ये गेले, 7 जानेवारीला तो गाडीने वर आला, पुढचे चार दिवस त्याने दुसऱ्या टप्प्याचे काढले. 11 तारखेला संध्याकाळी मी त्याला औषधांचा साठा, ऑक्सिजनचे सिलिंडर आणि रुग्णांची वही सोपवली आणि 12 तारखेला पहाटे खाली निघालो. वाटेत दिवसभर फोनला रेंज नव्हती. अंधार पडल्यावर लेहच्या ट्रान्झिट कॅम्पमधल्या खोलीत शिरलो, बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीजवळ, हातमोजे काढून ठेवले आणि फोन खणखणू लागला. अकरा मिस्ड कॉल होते. मुलगा सकाळी झाला होता. 13 तारखेचे विमान रद्द झाले आणि मी 14 तारखेच्या रात्री घरी पोहोचलो. पत्नी रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, "रजा मंजूर झाली असे तू सांगितलेस, निघणार कधी, ते कुठे सांगितलेस?"

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मला हिशेब उलट्या दिशेने मांडता आला असता. मूल 12 तारखेच्या आसपास होणार असेल तर मी 5 तारखेला घरी हवा, त्यासाठी 2 तारखेला खाली उतरायला हवा, त्यासाठी रिलीव्हर 20 डिसेंबरच्या आत लेहमध्ये हवा आणि हिवाळ्यातल्या रद्द विमानांसाठी आणखी पाच-सहा दिवस हाताशी हवेत. हे सगळे सप्टेंबरमध्येच बोलायला हवे होते, आणि तेही रजेच्या अर्जात न लिहिता, रिलीव्हर पाठवणाऱ्या वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्याशी थेट फोनवर. लेहच्या रुग्णालयातून किंवा जवळच्या फील्ड ॲम्ब्युलन्समधून (सैन्याच्या पुढच्या भागातल्या वैद्यकीय तुकडीतून), म्हणजे आधीच उंचीवर रुळलेला डॉक्टर मिळाला तर सहा दिवस तिथल्या तिथे वाचतात. असा डॉक्टर मिळणे शक्य असते. फक्त तो वेळेत मागावा लागतो.

याच गणिताची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे आणि तिच्याबद्दल मी कठोरपणे बोलणार आहे. परतताना दिवस वाचवण्याचा मोह होतो. वर अडकलेला रिलीव्हर रोज फोन करत असतो, त्यालाही घर असते, आणि आपल्याला वाटते की आपण तर इथेच आठ महिने राहिलेलो आहोत. फेब्रुवारीत परतलो तेव्हा मी लेहमधल्या सहा दिवसांचे चार केले. वर पोहोचल्यावर रात्री डोके ठणकू लागले, जेवण जाईना, आणि बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा 74 दिसला. तिथे रुळलेल्या माणसाचा आकडा साधारण 85 च्या पुढे असतो. मी ऑक्सिमीटर खिशात टाकला. महिन्यापूर्वी रजेवरून आलेल्या एका जवानाला हेच लपवल्याबद्दल मी सगळ्यांसमोर झापले होते. माझ्या नर्सिंग असिस्टंटने, ज्याने माझ्यापेक्षा दहा वर्षे अधिक काळ उंचीवर काढला होता, काही न विचारता ऑक्सिजनचा मास्क माझ्या उशाशी आणून ठेवला. उंचीवर राहून खाली गेलेल्या आणि पुन्हा वर आलेल्या माणसालाही हॅपो, म्हणजे उंचीमुळे फुप्फुसांत पाणी भरण्याचा आजार, होतो, हे आपण परीक्षेत लिहिलेले असते. दहा दिवसांपेक्षा जास्त पण चार आठवड्यांपेक्षा कमी रजा असेल तर वेळापत्रक आखूड होते. तेवढी सवलत नियमातच आहे, त्यापलीकडची सवलत स्वतःला देऊ नका. ज्या डॉक्टरलाच आजारी पडून खाली पाठवावे लागते, तो सगळ्या पोस्टला उघड्यावर टाकतो.

कुटुंब कुठे ठेवायचे, याबद्दल मात्र घाबरून जाण्यासारखे काही नाही. फील्ड पोस्टिंग (जिथे कुटुंब सोबत ठेवता येत नाही) मिळाल्यावर मागच्या स्टेशनचे क्वार्टर राखता येते किंवा निवडलेल्या ठिकाणी विभक्त कुटुंबांसाठीच्या निवासाचा अर्ज करता येतो. पत्नीची नोकरी आणि तिचे माणसांचे जाळे जिथे आहे, तिथेच राहावे, असे माझे ठाम मत आहे. सासर की माहेर हा वाद त्यानंतरचा. आम्ही पुण्यातले क्वार्टर राखले, आणि शेजारच्या दोन घरांतले पुरुषही फील्डमध्येच असल्यामुळे त्या रात्री तिला रुग्णालयात नेणारी माणसे दाराशी होती.

काही जण लेहमध्ये भाड्याने खोली घेऊन कुटुंबाला तिथे आणण्याचा बेत करतात. गरोदर पत्नी किंवा तान्हे मूल असेल तर हा बेत सोडून द्या. तुमची पोस्ट लेहपासून दिवसभराच्या रस्त्यावर असेल तर तुम्ही तिथेही महिनोन्‌महिने पोहोचणार नाही, आणि पुण्यातला एकटेपणा 11,500 फुटांवर नेऊन ठेवल्याचे तेवढे समाधान मिळेल. उन्हाळ्यात पंधरा दिवसांसाठी त्यांना जरूर बोलवा. फक्त पहिले दोन दिवस खोलीतच काढा आणि खारदुंग ला ही उंच खिंड पाहण्याची घाई करू नका. लहान मूल डोके दुखते असे सांगत नाही. ते किरकिर करते, दूध टाकते, झोपत नाही, आणि बाप डॉक्टर असला तरी त्याला तो प्रवासाचा शीण वाटतो. मैदानी भागातले प्रीपेड सिम तिथे चालत नाही, म्हणून निघण्यापूर्वी घरच्यांचे पोस्टपेड करून घ्या.

व्यवसायाच्या दृष्टीने हे दिवस वाया जातात का, असे विचारणाऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हणतो. 1962 च्या युद्धानंतर आपल्याच सैन्यातल्या डॉक्टरांनी उंचीवरच्या आजारांचा अभ्यास केला, आणि इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1925 जवानांवरून लिहिलेला 1969 चा निबंध जगभर वाचला गेला. तो ज्या प्रकारच्या रुग्णांवर उभा आहे, ते रुग्ण तुमच्या तंबूत येतात. हिमदंश, हॅपो, बंद खोलीत बुखारी पेटवून झोपलेल्यांची विषबाधा, यांचे निदान स्टेथोस्कोप आणि स्वतःची अक्कल यांवर करावे लागते, आणि हेलिकॉप्टर हवामानाच्या मर्जीवर असते. पहिल्या अशा रात्री मी अक्षरशः थरथरत होतो. तिसऱ्या रात्री थरथर थांबली होती. पदव्युत्तर परीक्षेचा अभ्यास मात्र "वर वेळच वेळ असतो" या भरवशावर सोडू नका. उंचीवर स्मरणशक्ती आणि झोप दोन्ही कमी पडतात, त्यामुळे मुख्य वाचन खाली असतानाच उरकलेले बरे.

सल्ला कोणाचा घ्यावा, याबाबत माझे एक मत आहे, ते पूर्वग्रह म्हणून धरले तरी चालेल. ज्या वरिष्ठांनी आपली फील्ड टेन्युअर अविवाहित असताना केली, त्यांच्याकडून शौर्याच्या गोष्टी ऐकाव्यात, संसाराचा सल्ला घेऊ नये. आणि जॅक लावून पोस्टिंग फिरवण्याचा मार्ग सुचवणाऱ्यांपासून दूर राहावे, कारण फिरवलेली पोस्टिंग नाहीशी होत नाही. ती पुढे, मूल दहावीत असताना, परत येते. घरी खरोखरच गंभीर आजारपण असेल तर अनुकंपेच्या आधारावर अर्ज करण्यात मुळीच संकोच करू नका, ती सोय त्यासाठीच आहे. मुले लहान असतील, पत्नीला आधार देणारी माणसे जवळ असतील आणि पुढच्या सहा महिन्यांत प्रसूती किंवा शस्त्रक्रिया नसेल, तर ही पोस्टिंग आत्ताच घ्या.

दुसऱ्या वर्षी आम्ही रजेचा तक्ता दोघांनी मिळून केला. पत्नीने फ्रिजवर लावलेल्या कागदावर माझ्या रजेच्या तारखेचा रकानाच ठेवला नव्हता. तिथे तीन रकाने होते: रिलीव्हरचे नाव, तो लेहला उतरल्याची तारीख, आणि मी खाली निघाल्याचा फोन. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी पहिला रकाना भरला, दुसरा भरायला 22 डिसेंबर उजाडला, आणि तोपर्यंत तिने मुलीला मी येणार असल्याचे सांगितले नव्हते.