फुकटच्या ब्लॉगवरून स्वतःच्या पत्त्यावर कसे जावे

माझा ब्लॉग एका मंगळवारी सकाळी गायब झाला. विषय जुन्या चावीच्या घड्याळांची दुरुस्ती. त्यात कुणाच्या भावना दुखावण्यासारखे काही नाही. पण पत्ता उघडला की 'हा ब्लॉग काढून टाकण्यात आला आहे' एवढीच ओळ. लॉगिन केल्यावर कळले, की तिथल्या यंत्रणेला तो स्पॅम वाटला होता. फेरतपासणीचा फॉर्म होता, तो भरला. उत्तर कुणाचेच आले नाही. अकराव्या दिवशी ब्लॉग आपोआप परत दिसू लागला. का गेला आणि का आला, आजतागायत माहीत नाही. तो मंच कोणता हे सांगत बसत नाही, कारण हे कुठल्याही फुकटच्या मंचावर होऊ शकते.

लेख माझ्या संगणकावर होते, फोटोही होते. दुसरीकडे दोन दिवसांत सगळे उभे करता आले असते. पण त्याच महिन्यात एका मासिकात माझा लेख छापून आला होता आणि त्याखाली ब्लॉगचा पत्ता होता. तो वाचून येणाऱ्या माणसाला नव्या जागेकडे वळवायचा एकही उपाय माझ्या हातात नव्हता.

फुकटच्या ब्लॉगचे तोटे विचारले की लोक जाहिराती, मोजक्या थीम (दिसण्याचे तयार साचे), अपुरी जागा, प्लगइन (जादा सोयींचे जोड) नसणे अशी यादी देतात. यादी खरी आहे, पण तेवढे सोसता येते. सोसता येत नाही ते एवढेच, की पत्ता दुसऱ्याच्या नावावर असतो. जिओसिटीज या फुकटच्या संकेतस्थळांच्या मंचाची अमेरिकेतली सेवा याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. पोस्टरस हा ब्लॉगचा मंच २०१२ मध्ये ट्विटरने विकत घेतला आणि ३० एप्रिल २०१३ ला त्याला कुलूप लागले. २००३ पासून चालत आलेले टाइपपॅड ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाले, आणि ते तर पैसे घेणारे होते! म्हणजे पैसे भरले की सुटलो असेही नाही. टाइपपॅडवर ज्यांनी स्वतःचे डोमेन (आपल्या नावाने नोंदवलेला पत्ता) जोडले होते, त्यांना सामान दुसरीकडे नेऊन तोच पत्ता पुढे चालवता आला. बाकीच्यांच्या जुन्या लिंक मेल्या. ब्लॉगर ही गूगलची फुकटची ब्लॉगसेवा अजून चालू आहे, तरी तिच्या ब्लॉगस्पॉट पत्त्यांपैकी ब्लॉगस्पॉट.इन हे डोमेन २०२० मध्ये गूगलच्या हातून निसटले आणि त्या शेपटाने शेअर झालेल्या जुन्या लिंक तुटल्या.

म्हणून खालच्या सगळ्या खटाटोपात पहिले काम पत्ता आपल्या नावावर करण्याचे आहे. होस्टिंग (संकेतस्थळ ठेवायला भाड्याने घेतलेली सर्व्हरवरची जागा), थीम, लोगो हे नंतरचे. बहुतेक लोक नेमके उलट करतात.

हलायची गरज आहे का?

कविता, आठवणी, वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदी असे काही लिहीत असाल तर फुकटचा ब्लॉग उत्तम आहे. फक्त खालचा बॅकअप घ्या आणि लिहीत राहा. पण तो पत्ता तुम्ही कार्डावर छापत असाल, त्यावरून कामे येत असतील, इतर संकेतस्थळे तुमच्या लेखांना संदर्भ म्हणून जोडत असतील, तर पुढे वाचा.

१. बॅकअप घ्या आणि तो उघडून पाहा

ब्लॉगरमध्ये सेटिंग्जच्या 'ब्लॉग व्यवस्थापित करा' या भागात बॅकअपची सोय आहे. वर्डप्रेस.कॉम या दुसऱ्या ब्लॉगमंचावर 'टूल्स'मध्ये 'एक्सपोर्ट' आहे. दोन्हीकडून एक्सएमएल फाइल मिळते. ती मिळाली की लोक निर्धास्त होतात, आणि फसतात ते इथेच.

एका मैत्रिणीचा ब्लॉग हलवताना मी ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली होती. लेख होते, प्रतिक्रिया होत्या, तारखा होत्या. फोटोच्या जागी मात्र फक्त एक लांबलचक दुवा होता. फोटो फाइलमध्ये नसतातच. ते जुन्या मंचाच्या सर्व्हरवर असतात आणि फाइल त्यांच्याकडे नुसते बोट दाखवते. उद्या खाते बंद झाले तर लेखांत रिकाम्या चौकटी उरतील. म्हणून फोटो वेगळे उतरवून घ्या. गूगलच्या खात्यासाठी टेकआउट ही सेवा आहे, वर्डप्रेस.कॉमवर मीडिया वेगळा उतरवता येतो. थीममध्ये काही बदल केले असतील तर तीही वेगळी जपा.

यानंतरचे काम सहसा कुणी करत नाही: आपल्या सगळ्या पोस्टच्या पत्त्यांची यादी. ब्लॉगच्या पत्त्यापुढे साइटमॅप.एक्सएमएल (अर्थात रोमन लिपीत) टाकून उघडले की यादी समोर येते. पोस्ट खूप असतील तर ती अनेक पानांत विभागलेली असते. सगळी उचलून एका फाइलमध्ये ठेवा. चौथ्या पायरीवर तिच्यावाचून अडेल.

बॅकअप चालतो का, हेही बघून घ्या. ब्लॉगरच्या एका खात्यावर शंभरपर्यंत ब्लॉग काढता येतात. एक रिकामा ब्लॉग काढा, तो खासगी करा आणि फाइल त्यात आयात करा. पोस्टची संख्या जुळली तर ठीक. आणखी चार-पाच जुन्या पोस्ट उघडून जोडाक्षरे आणि परिच्छेद शाबूत आहेत ना तेही बघा.

२. डोमेन घ्या

नाव निवडताना माझी कसोटी एकच: ते फोनवर एकदा सांगून समोरच्याला बरोबर लिहिता आले पाहिजे. मधे आडवी रेघ, आकडे, दुहेरी अक्षरे असली की 'नाही, दोनदा ओ' असे आयुष्यभर सांगत बसावे लागते.

नोंदणी स्वतःच्या नावाने करा. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने 'डोमेन आमच्याकडूनच घ्या' म्हटले तर नोंदणीत मालक म्हणून कुणाचे नाव पडणार ते आधी विचारा. त्याचे पडणार असेल, तर तुम्ही एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेलात, इतकेच. संपर्काचा ईमेलही स्वतःचा द्या, पण त्याच डोमेनवरचा देऊ नका: डोमेन बंद पडले तर ते सोडवायची पत्रे त्याच बंद पेटीत जाऊन पडतील. नोंदणीनंतर ईमेल पडताळणीचे पत्र येते. .कॉमसारख्या डोमेनला त्यासाठी पंधरा दिवस असतात. ते पत्र जाहिरात समजून उडवले तर संकेतस्थळ बंद पडू शकते.

पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर बघा. स्वयंचलित नूतनीकरण चालू करा, आणि त्याला जोडलेल्या कार्डाची मुदत कधी संपते तेही एकदा बघा, कारण घोटाळा बहुधा तिथेच होतो. मुदत उलटून .कॉम डोमेन रद्द झाले, तरी तीस दिवस ते जादा शुल्क भरून सोडवता येते. त्यानंतर पाच दिवसांनी ते कुणालाही घेता येते, आणि वाचक येत असलेली जुनी नावे उचलायला लोक टपलेले असतात.

३. आहे त्याच ब्लॉगला डोमेन जोडा

लगेच होस्टिंग घेऊ नका. ब्लॉगरवर स्वतःचे डोमेन जोडायला वेगळे पैसे पडत नाहीत. वर्डप्रेस.कॉमवर त्यासाठी सशुल्क योजना लागते.

ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये 'कस्टम डोमेन'मध्ये नवा पत्ता टाकला की ब्लॉगर आधी चूक दाखवते आणि दोन 'सीनेम' नोंदी (एका पत्त्यावरून दुसऱ्याकडे बोट दाखवणाऱ्या) देते. घाबरू नका, ती चूक म्हणजेच पुढची सूचना आहे. पहिली नोंद तुमचा पत्ता गूगलच्या सर्व्हरकडे वळवते. दुसरी फक्त तुमच्यासाठी बनवलेली असते. डोमेन तुमचेच आहे याचा तो पुरावा. डोमेन जिथून घेतले तिथल्या डीएनएसच्या (पत्ता कुठल्या सर्व्हरकडे जातो हे ठरवणाऱ्या नोंदींच्या) पानावर दोन्ही जशाच्या तशा चिकटवा. हाताने टाइप करू नका. त्या लांब नोंदीतले एक अक्षर चुकले की सगळे ठप्प. मग थांबा. कधी दहा मिनिटांत होते, कधी अख्खा दिवस जातो. दर पाच मिनिटांनी पान ताजे करून काहीही लवकर होत नाही. हा स्वानुभव आहे.

जोडणी झाली की एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) चालू करा. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' न लावता पत्ता टाकणारेही पोहोचले पाहिजेत. त्यासाठी डीएनएसमध्ये गूगलच्या मदतपानावर दिलेल्या चार 'ए' नोंदी (सर्व्हरचा आकडी पत्ता देणाऱ्या) टाकाव्या लागतात आणि ब्लॉगरमधले त्यासाठीचे बटण चालू करावे लागते.

आता जुना ब्लॉगस्पॉटचा पत्ता उघडून पाहा. तो तुम्हाला नव्या पत्त्यावर आणून सोडेल, आणि तेही '३०१' या कायमच्या रीडायरेक्टने (वळवणुकीने). सर्च इंजिनाला याचा अर्थ 'हे पान आता इथे राहते' असा कळतो. शेवटी गूगल सर्च कन्सोलमध्ये (संकेतस्थळाच्या मालकांसाठीच्या गूगलच्या साधनात) नवा पत्ता नोंदवा आणि साइटमॅप द्या. काही आठवडे सर्चमधून येणारे वाचक कमीजास्त होतील. त्या काळात थीम बदलणे, शीर्षके सुधारणे असले उद्योग करू नका. मग कशामुळे काय झाले ते कळत नाही.

माझ्या मते दहातल्या सात जणांनी इथेच थांबावे. लेख अजून फुकटच्याच जागी आहेत, पण पत्ता तुमचा आहे. ती जागा उद्या बंद झाली तर परवा तोच पत्ता दुसरीकडे वळवता येईल.

४. गरज असेल तरच स्वतःचे होस्टिंग

सभासदांसाठी वेगळा विभाग, पैसे स्वीकारणे, एकाहून अधिक लेखकांच्या वेगवेगळ्या जबाबदाऱ्या असे काही हवे असेल तर फुकटचा ब्लॉग पुरत नाही. मग होस्टिंग घेऊन त्यावर वर्डप्रेस ही प्रणाली (वर्डप्रेस.कॉमची तयार सेवा नव्हे) बसवायची. पण सुटे घेतलेले वर्डप्रेस म्हणजे अद्ययावत करणे, बॅकअप, घुसखोरीपासून राखण हे सगळे तुमच्या डोक्यावर. फुकटच्या मंचावर ते काम दुसरे कुणी निमूटपणे करत होते. महिन्याला एक तास देता येणार नसेल तर या वाटेला जाऊ नका.

तिसरी पायरी आधी केलेली असेल तर हे स्थलांतर सोपे जाते. ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावरून वर्डप्रेसकडे हाताने खरे '३०१' लावता येत नाही. डोमेन जोडले की ते ब्लॉगर स्वतःच लावते. त्यामुळे आता जुने वाचक तुमच्या डोमेनवर येतच आहेत. तुम्हाला फक्त त्या डोमेनच्या मागची जागा बदलायची आहे, आणि प्रत्येक लेखाचा पत्ता होता तसाच ठेवायचा आहे.

मराठी ब्लॉगची अडचण इथे सुरू होते. ब्लॉगरला देवनागरी शीर्षकावरून पत्ता बनवता येत नाही, म्हणून तो 'ब्लॉग-पोस्ट' एवढेच लिहून पुढे आकडा लावतो. तुमच्या यादीत असे डझनावारी पत्ते दिसतील. वर्डप्रेसचा स्वभाव उलटा: ते देवनागरी शीर्षकच पत्त्यात घेते. पण आत साठवताना एकेका अक्षरचिन्हाचे, म्हणजे काना-मात्रांचेही, नऊ रोमन चिन्हांत रूपांतर होते आणि पत्त्याच्या त्या भागाला दोनशे चिन्हांची मर्यादा आहे. म्हणजे बावीस अक्षरचिन्हांत पत्ता संपला! लांब शीर्षक मधेच तुटते आणि व्हॉट्सॲपवर चिकटवले की टक्केचिन्हांची रांग दिसते. नव्या लेखांना म्हणून रोमन लिपीत तीन-चार शब्दांचा पत्ता स्वतः द्या.

जुन्या लेखांसाठी वर्डप्रेसच्या 'परमालिंक'मध्ये (लेखांच्या पत्त्यांच्या सेटिंगमध्ये) ब्लॉगरचीच रचना लावा: वर्ष, महिना, पोस्टचे नाव आणि शेवटी .एचटीएमएल. मग पहिल्या पायरीतली यादी काढून प्रत्येक आयात पोस्टचे नाव यादीशी जुळते का ते बघा. न जुळणाऱ्यांसाठी 'रीडायरेक्शन' नावाचे प्लगइन वापरून जुना पत्ता नव्याशी जोडा. लेबलांची (विषयवार) पाने आणि फीडचा (नवे लेख वाचकांच्या ॲपपर्यंत पोचवणारा) पत्ता हमखास राहून जातात, तीही जोडा. काम कंटाळवाणे आहे, पण दोनशे लेखांना दोन संध्याकाळी पुरतात. फोटो नव्या जागी आले का, हे कळायला एखाद्या फोटोवर उजवी क्लिक करून त्याचा पत्ता बघा. तो अजून जुन्या सर्व्हरचा असेल तर अर्धे सामान मागेच राहिले आहे.

डीएनएस बदलण्याआधी सगळे तपासून घ्या, आणि शक्यतो बदल रात्री करा.

५. वाचक, आणि मागे राहिलेला ब्लॉग

ब्लॉगरवरचे 'फॉलोअर' तुमचे नसतात. त्यांचे ईमेल तुमच्याकडे नाहीत. ईमेलने पोस्ट पाठवण्याची तिथली सोय २०२१ मध्ये बंद झाली, तेव्हा अनेकांचे नियमित वाचक एका झटक्यात तुटले. वाचकांच्या संमतीने ईमेलची स्वतःची यादी करा आणि ती महिन्यातून एकदा उतरवून ठेवा.

जुना ब्लॉग पुसू नका. तो पुसला की रीडायरेक्टही गेला. ब्लॉगरमधली डोमेनची नोंदही तशीच राहू द्या. डोमेन गूगलबाहेर गेल्यावर काहींना मधे 'हा ब्लॉग आता दुसरीकडे आहे, जायचे का?' असे विचारणारे पान दिसते, ते चालेल. वर्डप्रेस.कॉम अशी वळवणूक वार्षिक शुल्क घेऊन देते. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असे गूगल सांगते. मी तर ते काढतच नाही.

माझ्या घड्याळांच्या जुन्या पत्त्यावरून अजूनही महिन्याला पाच-सहा जण येतात. त्यांतल्या एकाने गेल्या वर्षी कळवले, की रद्दीत सापडलेल्या मासिकाचे पान फाडून त्याने घड्याळाच्या पेटीत ठेवले होते. त्याचे लंबकाचे घड्याळ दर तासाला चार मिनिटे मागे पडत होते. त्याला लंबकाखालचा नट किती फिरवायचा ते हवे होते.