समानतेचा ऑनलाइन कोर्स घेताय? आधी एक्सेलमधला तो रकाना पाहा

पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी आम्ही विविधता आणि समानतेवरचा छोटा ऑनलाइन कोर्स ठेवला होता. नोंदणीसाठी ऑफिसातून प्रवेशाची एक्सेल शीट आली, ती मी तशीच गुगल क्लासरूमवर चढवली. संध्याकाळी एका मुलीचा मेसेज: "सर, शीटमध्ये प्रवर्गाचा रकाना दिसतोय." एससी, एनटी, ओबीसी, पुढे शिष्यवृत्ती हो की नाही, सगळं अख्ख्या वर्गासमोर. शीट लगेच काढली, पण मुलांनी घेतलेले स्क्रीनशॉट थोडेच काढता येतात?

रकाना नुसता लपवून भागत नाही. राइट-क्लिक केलं की तो कोणालाही उघडता येतो. नवी फाइल करा, तीत हजेरी क्रमांक आणि नाव एवढंच ठेवा. शेअरिंगही तपासा, कारण 'लिंक असलेल्या कोणालाही' हा पर्याय चालू असेल तर फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरते.

दुसरी चूक याच्याच पोटातली. 'तुम्हाला कधी भेदभावाचा अनुभव आला का?' हा प्रश्न खुल्या चर्चेत टाकायचा आणि उत्तरापुढे पूर्ण नाव झळकू द्यायचं. आपल्याकडे आडनाव ऐकून 'मूळ गाव कुठलं?' विचारणारे काय कमी आहेत? असे प्रश्न अनामिकच हवेत. गुगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करणं बंद करा. मूडल ही ऑनलाइन कोर्स चालवायची प्रणाली वापरत असाल तर तिच्या 'फीडबॅक'मध्ये नाव न नोंदवण्याची सोय आहे. मात्र फॉर्ममध्ये शाखा, लिंग, प्रवर्ग, जिल्हा असं सगळं विचारलंत तर नाव नसूनही माणूस ओळखू येतो. वर्गात अंध मुलगी एकच असेल, तर 'अपंगत्व: दृष्टी' एवढ्यावरच काम झालं.

ऑनलाइन तासाला एखाद्या दलित किंवा ट्रान्सजेंडर विद्यार्थ्याला "तू सांग ना, तुझा अनुभव" म्हणणं तर नकोच. त्याने फी भरली आहे ती शिकायला, आपला धडा व्हायला नव्हे.

आता फॉन्ट. हा विषय किरकोळ वाटतो, पण इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. आमच्या मराठी नोट्स जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. डोळ्यांना मराठी दिसतं, पण फाइलच्या आत असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, लावला की तो 'समानता'ऐवजी भलतीच अक्षरं बडबडतो. स्कॅन करून केलेली पीडीएफ तर त्याच्या लेखी नुसतं चित्र, तिथे तो काही वाचतच नाही. तपासणी सोपी आहे: फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवा. मराठी उमटलं नाही, तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलताना जोडाक्षरं हमखास बिघडतात, तेव्हा एकदा नजरेखालून घाला. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. आमचा त्यावरचा धडाच अंध मुलीला वाचता येत नव्हता.

व्हिडिओला मराठी उपशीर्षकं द्या, आणि आपोआप तयार झालेली असतील तर वाचून दुरुस्त करा.

उरली सर्वांची लाडकी चूक: '100 टक्के पूर्ण'. मूडलमध्ये 'पाहिलं की पूर्ण' अशी अट ठेवलीत, तर पान उघडताच बरोबरची खूण पडते. मुलं सगळी पानं भराभरा उघडून चहाला जातात. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला आकडा मिळतो, सोबत जिओटॅग केलेले (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो. शेवटची चाचणीही तशीच. 'जातिभेद करणे योग्य आहे का?' याला कोण हो म्हणेल?

माझं मत असं की कायदा आणि माहिती ऑनलाइन द्यावी. मन मोकळं करायची बोलणी दहा-पंधरा जणांच्या गटात, समोरासमोर व्हावीत. आणि चाचणीत उपयोगाचं विचारावं. लैंगिक छळाची तक्रार किती दिवसांत करायची? (घटनेपासून तीन महिने, कारण पटलं तर कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती मुदत वाढवू शकते.) समितीवर बाहेरची व्यक्ती का असते? आणि आपल्या कॉलेजात ही समिती बसते कुठे?

हा शेवटचा प्रश्न आम्ही यंदा घातला. निम्म्या मुलांनी लिहिलं, 'ऑफिसात विचारू'. शिक्षकांच्या खोलीत विचारलं, तर तिथेही दोन मतं निघाली. त्याच आठवड्यात समितीच्या दारावर पहिल्यांदा पाटी लागली.