पहिला आकडा रस्त्याचा: छोट्या गाडीचा डिस्क ब्रेक कसा आखावा

डिस्क ब्रेक आखायला बसलात की कागदावर पहिला आकडा टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा, म्हणजे पकडीचा, लिहा. डिस्कचा व्यास, भोकं, पाकळ्या हे सगळं शेवटच्या पानावर येतं. साकीनाक्याला माझा गाळा आहे, लेथ आणि सरफेस ग्राइंडिंगचं काम करतो. दिवाळी सरली की इंजिनिअरिंगची मुलं स्पर्धेच्या गाडीच्या डिस्क घेऊन येऊ लागतात आणि बहुतेकांचं ड्रॉइंग उलट्या टोकाने सुरू झालेलं असतं. आधी देखणी डिस्क, मग तिला बसेल तो कॅलिपर (डिस्कला दोन पॅडच्या चिमटीत धरणारा भाग), मग जमेल तेवढं पेडल. त्यांना स्टुलावर बसवून जे सांगतो तेच इथे लिहितोय. हे स्पर्धेच्या, मैदानात चालणाऱ्या गाडीसाठी आहे. रस्त्यावरच्या स्कूटरला किंवा कारला घरी आखलेली डिस्क लावू नका, तिथे कंपनीचाच भाग हवा.

उदाहरण म्हणून एका माणसाची, खडबडीत जमिनीवर पळणारी गाडी घेऊ. चालकासकट २५० किलो. पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर १.४ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर, उभ्या गाडीत ४० टक्के वजन पुढच्या चाकांवर. टायरची त्रिज्या ०.२८ मीटर. वजनाचा आकडा सॉफ्टवेअरमधून उचलू नका. चार वजनकाटे आणा, चालकाला हेल्मेटसकट बसवा आणि मोजा.

कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला तर टायर घसरेपर्यंत रस्ता या गाडीला जास्तीत जास्त १९६२ न्यूटनने मागे ओढू शकतो. याहून जोरात ती थांबणारच नाही, मग डिस्क कितीही मोठी लावा. ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं. किती? १९६२ ला गुरुत्वमध्याच्या उंचीने गुणा, आसांतल्या अंतराने भागा: ७०१ न्यूटन. पुढच्या चाकांवर आधी ९८१ होते, आता १६८२ झाले. मागे उरले ७७१. म्हणजे उभी असताना पुढे ४० टक्के असलेली गाडी जोरात ब्रेक मारल्यावर पुढे ६९ टक्के होते. पुढचा ब्रेक मोठा का, याचं उत्तर या एका गणितात आहे.

पुढच्या दोन्ही चाकांना मिळून १३४५ न्यूटन लागतात, एकाला ६७३. त्याला टायरच्या त्रिज्येने गुणलं की १८८ न्यूटन-मीटर. मागच्या प्रत्येक चाकाला फक्त ८६. हे दोन आकडे लाल पेनाने लिहून ठेवा, पुढची सगळी आखणी यांनाच उत्तर देते.

आता तेच गणित पावसाचं करा. मुंबईत हे वगळून चालतच नाही. ओल्या, तेलकट रस्त्यावर घर्षणांक ०.४ धरा. वजन झुकण्याचं प्रमाण निम्मं होतं आणि पुढच्या चाकांवर ५४ टक्केच भार येतो. आपला ब्रेक मात्र ६९ टक्के जोर पुढेच पाठवतो, त्यामुळे ओल्यात पुढची चाकं आधी लॉक होतात, म्हणजे फिरायची थांबून घसरू लागतात. ते चांगलं आहे. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी सरळ घसरते, मागची आधी झाली तर शेपूट फिरते आणि चालकाच्या हातात काही उरत नाही. काही मुलं पावसाचा आकडा धरून पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी करतात आणि कोरड्यावर मागची चाकं आधी अडकतात. वाटणी कायम सर्वात जास्त पकडीच्या रस्त्यावर करावी.

आता चाकात जागा किती ते पाहा. १० इंची रिममध्ये कॅलिपरची पाठ धरून साधारण १८० मिमीची डिस्क बसते. रिम आणि कॅलिपर यांच्यात खडा अडकणार नाही एवढी फट ठेवा. पॅड २५ मिमी रुंद असेल आणि डिस्कच्या कडेपासून थोडा आत असेल, तर त्याचा मध्य केंद्रापासून ७५ मिमीवर येतो. मुलं इथे डिस्कची पूर्ण त्रिज्या, ९० मिमी, घालतात. तसं करू नका, जोर पॅडच्या मध्यावर लागतो.

पॅडचा घर्षणांक ०.३५ धरा. पाकिटावर ०.४५ छापलेलं असलं तरी ०.३५च. डिस्कला दोन बाजू आहेत म्हणून दुप्पट. तर १८८ भागिले (२ × ०.३५ × ०.०७५), म्हणजे पॅडवर ३५८० न्यूटनचा दाब हवा. एका पिस्टनचा, ३२ मिमीचा, सरकता कॅलिपर घेतला तर पिस्टनचं क्षेत्रफळ ८०४ चौरस मिमी, आणि फ्लुइडचा, म्हणजे ब्रेकच्या तेलाचा, दाब निघतो साधारण ४५ बार. पाच अष्टमांश इंचाच्या, म्हणजे १५.८७ मिमीच्या मास्टर सिलिंडरला (पेडलचा जोर फ्लुइडच्या दाबात बदलणारी नळी) तो दाब आणायला ८८० न्यूटन लागतात. पेडलचं गुणोत्तर ५ ठेवलं, म्हणजे पेडल पायाचा जोर पाचपट करतं, की पायाला १७६ न्यूटन, म्हणजे १८ किलो.

हे सोयीचं आहे, पण एक तपासणी उरते. पॅड तापून घर्षणांक ०.२५ वर घसरला तर? तेच काम करायला २५ किलो लागतील. घाबरलेला माणूस याहून कितीतरी जास्त जोराने दाबतो, त्यामुळे चालेल. तुमच्या गणितात हाच आकडा ७०-८० किलो निघाला तर पिस्टन मोठा घ्या किंवा मास्टर सिलिंडर लहान करा. फक्त त्याबरोबर पेडलची चाल वाढते, ती पायाखाली पुरते का ते पाहा. पेडल आणि त्याचा ब्रॅकेट मात्र घाबरलेल्या लाथेसाठी मजबूत करा, १८ किलोसाठी नाही.

स्पर्धेत पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या फ्लुइडचं सर्किट वेगळं मागतात आणि चारही चाकं लॉक करून दाखवायला लावतात. टँडेम, म्हणजे एकामागे एक दोन पिस्टनचा, मास्टर सिलिंडर लावलात तर दोन्ही सर्किटना दाब सारखाच मिळतो, म्हणून वाटणी पिस्टन आणि डिस्कच्या मापातूनच साधावी लागते. मागे तीच १८० ची डिस्क ठेवली तर पिस्टन साधारण २२ मिमीचा हवा. २५ मिमीचा मिळाला तर पॅडचा मध्य ५६ मिमीवर आणा. चारही चाकांना एकच कॅलिपर आणि एकच डिस्क लावलेली गाडी चाचणीत फिरते, ती इथे चुकलेली असते.

इथपर्यंत डिस्क थांबवू शकते की नाही ते कळलं. आता ती टिकेल का? डिस्क ही मुळात उष्णता साठवणारी आणि टाकणारी वस्तू आहे. ५० किमी वेगातली आपली गाडी थांबवली तर २४ किलोजूल उष्णता तयार होते. त्यातली साधारण ८.३ किलोजूल पुढच्या एका डिस्कच्या वाट्याला येते. १८० मिमी बाहेरून, ११० आतून, ४ मिमी जाड अशी स्टीलची डिस्क अर्धा किलो भरते आणि एका थांबण्यात ३६ अंशांनी तापते. हीच डिस्क ३ मिमीची करून भोकं पाडलीत, वजन ३३० ग्रॅमवर आणलंत, तर ५५ अंशांनी. एकदा थांबायला दोन्ही चालतात. पण चढ-उताराच्या ट्रॅकवर लागोपाठ दहा वेळा ब्रेक मारला, मध्ये गार व्हायला वेळ मिळाला नाही, की पहिली ३६० अंशांनी तापलेली असते आणि दुसरी साडेपाचशेने. तिथे पॅडची पकड सुटते, डिस्क निळी पडते, वाकते. १७० ग्रॅम वाचवण्याची ही किंमत मला कधीच पटली नाही.

मोठ्या गाडीचं पाहायचं तर बोरघाट घ्या. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना साधारण ५०० मीटर खाली येतो. हजार किलोच्या कारची ती ऊर्जा जवळपास ४.९ मेगाजूल होते, म्हणजे ८० च्या वेगातून वीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी. काही इंजिन आणि हवा खाते, बाकीची डिस्कला सोसावी लागते. म्हणून कारच्या पुढच्या डिस्कला मध्ये पोकळी आणि पंखे असतात, आणि म्हणूनच घाटात खालचा गिअर टाकायचा. १९५३ साली ल मांची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेक लावून जिंकली, तिथेही ड्रमच्या तुलनेत फायदा हाच होता: उघडी डिस्क वाऱ्यात लवकर गार होते.

धातूबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण सर्वात जास्त फसवणूक इथे होते. कारला ग्रे कास्ट आयर्न योग्य, उष्णता छान वाहून नेतं, पण ४ मिमी पातळ डिस्कला ते ठिसूळ. मोटरसायकलसारख्या पातळ डिस्कला ४१० किंवा ४२० जातीचं स्टेनलेस घ्या. ते कडक करता येतं आणि आपल्या दमट हवेत गंजत नाही. माइल्ड स्टील रात्रीत लाल होतं. ती गंज पहिल्या ब्रेकला निघून जाते, पण गाडी महिनाभर कॉलेजच्या शेडमध्ये उभी राहिली तर पॅडखाली खड्डे पडतात.

बाजारात 'स्टेनलेस प्लेट द्या' म्हणालात तर हमखास ३०४ हातात पडेल. ते भांड्यांचं, टाक्यांचं स्टील. ते उष्णता देऊन कडक होत नाही, उष्णता कमी वाहून नेतं आणि तापल्यावर फुगतं जास्त. ३०० अंशांनी तापलं तर १८० मिमीची ३०४ ची डिस्क ०.९ मिमी फुगते, ४१० ची ०.६. मधला हब गारच असतो, म्हणून डिस्क बशीसारखी वाकते. दुकानात जाताना खिशात चुंबक ठेवा. ४१० ला तो घट्ट चिकटतो, ३०४ ला जवळजवळ नाही. चिकटला म्हणजे ४१०च, असं मात्र नाही, त्यासाठी टेस्ट सर्टिफिकेट मागा. पण नाही चिकटला तर दुकानातून उठून या.

भोकं आता पाडा. ओल्या डिस्कवर पाण्याचा थर बसतो आणि पहिल्या क्षणी ब्रेक लागतच नाही असं वाटतं. भोकांच्या कडा तो थर फोडतात, पॅडचा चेहराही खरवडून साफ ठेवतात. पावसाळ्यात भोकांचा उपयोग खरा आहे. मात्र भोकं अशी मांडा की पॅडच्या रुंदीतल्या प्रत्येक त्रिज्येवरून सारखीच भोकं जातील, नाहीतर पॅडवर रिंगा उमटतात. कडेच्या फार जवळ भोक नको, आणि प्रत्येक भोकाला दोन्ही बाजूंनी हलका चेंफर, म्हणजे तिरकी कड, हवाच. तडा नेहमी धारदार कडेतून सुरू होतो.

लेझरने कापलेली प्लेट सपाट दिसते, पण नसते. ड्रॉइंगमध्ये ४ मिमी हवी असेल तर ५ मिमीची प्लेट आणा, आधी कापा, हीट ट्रीटमेंट करा, मग दोन्ही बाजूंनी ग्राइंडिंग. आधी ग्राइंडिंग करून नंतर कडक करायला दिलेली डिस्क वाकून येते. हबवर बसवल्यावर डायल गेज (बारीक डोलणं मोजणारं घड्याळ) लावून फिरवा. ०.१ मिमीच्या आत डोलली तर उत्तम. जास्त डोलली तर आधी हबचा चेहरा तपासा, बऱ्याचदा दोष तिथे निघतो. बोल्ट नागदेवी स्ट्रीटवरून घ्या, डोक्यावर ८.८ कोरलेलं पाहून, आणि लांबी अशी निवडा की डिस्कच्या जाडीत आटे येणार नाहीत.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोटरसायकलचे जुने कॅलिपर मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण पिस्टन बाहेर काढून पाहा. त्यावर नखाला लागेल असा खड्डा असेल तर सोडून द्या. सील नवीनच टाका: चौकोनी छेदाचं ते सील दाबाने मुडपतं आणि पाय उचलला की सरळ होताना पिस्टनला मागे ओढतं. दुसरी स्प्रिंग तिथे नसते, त्यामुळे कडक झालेल्या सीलने पॅड डिस्कला घासत राहतो. सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

अपराइटवर, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या भागावर, कॅलिपरची जागा ठरवताना ब्लीडिंगचा (फ्लुइडमधली हवा बाहेर काढण्याचा) निपल सर्वात वर येईल हे ड्रॉइंगमध्येच पाहा. निपल खाली गेला तर हवा वर अडकते आणि कितीही पंपिंग केलं तरी पेडल स्पंजासारखंच राहतं. फ्लुइडची होज (लवचिक नळी) मोजताना स्टिअरिंग दोन्ही टोकांना आणि सस्पेन्शन पूर्ण वर-खाली करून मोजा.

फ्लुइड डॉट ४ घाला, सीलबंद बाटलीतला. ताजा असताना तो २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी शोषतो, आणि ३.७ टक्के पाणी मुरलं की मर्यादा १५५ वर येते. उकळला की वाफ, वाफ म्हणजे पेडल थेट तळाला. मुंबईच्या जुलैत अर्धी उघडलेली बाटली पुढच्या महिन्यासाठी जपून ठेवू नका.

गाडी उभी राहिली की थेट लॉक करून पाहायची घाई होते. आधी पॅड बसवा. बंद मैदानात ४० च्या वेगातून १० पर्यंत, मध्यम दाबाने, वीसेक वेळा, मध्ये थोडं अंतर ठेवून. पूर्ण थांबू नका, तापलेला पॅड एका जागी डिस्कवर छाप सोडतो. मग पूर्ण गार होऊ द्या. त्यानंतर चाचणी: एकजण बाजूने व्हिडिओ काढेल, दुसरा मागून. चारही चाकं अडकतात का आणि कुठली आधी, हे व्हिडिओ हळू चालवून बघा. मागची आधी अडकली तर मागचा पिस्टन लहान करा किंवा पॅड आत सरकवा. चाचणीनंतर पॅड काढून दोन्ही टोकांची जाडी मोजा. एक टोक जास्त झिजलेलं दिसलं तर कॅलिपरचा ब्रॅकेट ब्रेकच्या ओढीने वाकतोय. तो जाड करा, डायल गेज पुन्हा लावा आणि मगच गाडी ट्रॅकवर न्या.