बिओकोवो करायचंय? मग सह्याद्रीतल्या दोन-तीन सवयी घरी ठेवून या

क्रोएशियाला जाणारी आपली मंडळी बहुतेक स्प्लिट आणि डुब्रॉव्हनिक उरकून परत येतात. या दोन्हींच्या मधे माकारस्का नावाचं बीचवालं गाव आहे आणि त्याच्या डोक्यावरच बिओकोवोचा डोंगर उभा आहे, अख्खा चुनखडीचा, 1981 पासून नेचर पार्क. सगळ्यात उंच टोक स्वेती युरे, 1762 मीटर. कळसूबाईपेक्षा शंभरेक मीटर जास्त, त्यात काय, असं वाटेल, पण कळसूबाई आपण पायथ्याच्या बारी गावातून चढतो आणि बारीच मुळात बरीच वर आहे, इथे हिशोब समुद्रापासून सुरू होतो.

सगळ्यात आधी पाणी. आपल्याकडे गडावर टाकं असतं, निदान वाटेत एखादी वाडी तरी लागते, त्यामुळे दोन बाटल्यांवर निघायची सवय असते. इथे ते अजिबात चालणार नाही. चुनखडी पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळते, दगडाला भेगा पडतात, पडलेलं सगळं पाणी त्या भेगांतून आत जातं आणि थेट खाली समुद्रालगतच्या झऱ्यांतून बाहेर येतं, म्हणजे वर ओढा नाही, तळं नाही, काही नाही. उन्हाळ्यात माणशी तीन लिटर तरी घ्याच. गंमत म्हणजे वरच्या खोलगट खड्ड्यांत बर्फ बराच काळ टिकतो, फ्रीज नव्हते तेव्हा लोक भर उन्हाळ्यात तिथून बर्फ खाली गावात न्यायचे!

दुसरं, दगड. जिथे पावसाने कोरलाय तिथे धारदार, हात टेकलात तर सोलून निघेल, आणि जिथे हजारो बुटांनी घासलाय तिथे कोरड्यातसुद्धा गुळगुळीत. झिजलेल्या सोलचे बूट आणू नका, आणि उतरताना घाई तर नकोच. वाटेवर लाल गोलात पांढरा ठिपका अशी खूण असते, ती दिसेनाशी झाली की शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. "इथून शॉर्टकट असेल" हा आपला लाडका प्रकार इथे महागात पडू शकतो कारण डोंगर आतून पोखरलेला आहे, काही विवरं पाचशे मीटरपेक्षा खोल आहेत. शिवाय दगडांत पोस्कोक हा विषारी साप असतो, न बघता कपारीत हात घालू नका.

चालत जायचं असेल तर माकारस्काच्या वरच्या माकार वस्तीतून वोशात्स शिखराची (1400 मीटरच्या वर) नागमोडी वाट धरा. चढायला तीन-साडेतीन तास, आणि बराचसा भाग उघडा, सावली नाही, म्हणून उजाडताच निघा. तिथून स्वेती युरे अजून पुढे आहे, दम असेल तरच. सोबत लहान मुलं किंवा गुडघेवाले असतील तर कोटिशिनाची बोटॅनिकल गार्डन बघा, डोंगराच्या पायथ्याशी आहे.

गाडीने जायचं तर पार्कच्या गेटपासून शिखरापर्यंत 23 किलोमीटरचा रस्ता आहे. भयंकर अरुंद, समोरून गाडी आली की कोणीतरी रिव्हर्स घ्यायचा, आणि आपल्याला उजवीकडून चालवायची सवय नसते. घाट मारण्यात तयार असाल तरच. सीझनमध्ये गाड्यांना टाइम स्लॉट असतो, तिकीट आधी ऑनलाइन काढा, गेटवर जाऊन बघू म्हणालात तर बसा उन्हात. याच रस्त्यावर 1228 मीटरवर काचेचा स्कायवॉक आहे, 2020 मध्ये सुरू झालेला. फोटो मस्त येतात, पण माझ्या मते वोशात्सवरून खाली दिसणारी माकारस्का आणि पलीकडची बेटं त्याच्यापेक्षा भारी.

हवेचं मात्र आदल्या रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा बघा. बुरा नावाचा थंड वारा डोंगरावरून समुद्राकडे असा सुटतो की कड्यावर उभं राहणं मुश्किल, आणि खाली लोक पोहत असतानाही वर जॅकेट लागतं. बुराचा इशारा असेल तर वर जाऊच नका, त्या दिवशी बीच करा. काही झालंच तर 112 लावा, तिथली माउंटन रेस्क्यूची टीम येते. निघताना हॉटेलवाल्याला कुठल्या वाटेने चाललोय ते सांगून ठेवा आणि पॉवरबँक विसरू नका.