टॉमकॅट ९ वरून १०.१ वर जाताना या चुका टाळा

टॉमकॅट हा जावातली वेब ॲप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर. त्याच्या ८.५ आवृत्तीवरून ९ वर जाणं बहुतेकांना जड गेलं नव्हतं. त्यामुळे १०.१ च्या वेळीही साहेबांना सांगून टाकलं जातं, "शनिवारी रात्री दोन तास सर्व्हर बंद राहील." पहिली चूक इथेच होते. या अपग्रेडमध्ये खरं काम सर्व्हरचं नसून ॲप्लिकेशनच्या कोडचं असतं. २०१७ मध्ये ओरॅकलने जावा ईई (सर्व्हरवरच्या ॲप्लिकेशनसाठीची जावाची मानकं) एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं, पण पॅकेजांच्या नावांत सुरुवातीला येणारं 'जावाएक्स' (javax) हे नाव वापरून पुढे बदल करायची मुभा मिळाली नाही. म्हणून २०२० च्या डिसेंबरात आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये (जावा ईईचं नवं नाव) पॅकेजांची, म्हणजे कोडच्या गटांची, नावंच बदलली. 'जावाएक्स.सर्व्हलेट'चं 'जकार्ता.सर्व्हलेट' झालं आणि टॉमकॅट १० जुन्या नावाला ओळख देत नाही.

सर्व्हर सुरू, लॉग स्वच्छ, तरी ४०४ (पान सापडत नाही)

सर्व्हलेटची (विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा क्लासची) नोंद जुन्या ॲनोटेशनने (कोडमधल्या @ खुणेने) केली असेल, तर नवा टॉमकॅट त्याकडे पाहतच नाही. एररही येत नाही, त्यामुळे लोक तासन् तास प्रॉक्सी आणि फायरवॉल तपासत बसतात. आधी इम्पोर्टच्या ओळी बघा.

मग कुणीतरी सगळीकडे 'जावाएक्स' शोधून 'जकार्ता' करतं. तसं करू नका. जावाएक्स.एसक्यूएल, जावाएक्स.नेमिंग, जावाएक्स.क्रिप्टो ही पॅकेजं जेडीकेचीच (जावाच्या मूळ संचाची) आहेत, त्यांची नावं आहेत तशीच राहिली आहेत. ती बदललीत तर कंपायलर लगेच ओरडतो, हे एका अर्थी बरंच. अवतरणचिन्हांत लिहिलेली नावं मात्र कंपायलरला दिसत नाहीत. एरर पेजवर स्टेटस कोड वाचणारी ओळ जुन्याच नावाने राहिली, तर तिथे नल (रिकामी किंमत) मिळतो आणि ते कळतं थेट ग्राहकासमोर. एक्सएमएल, प्रॉपर्टीज आणि जेएसपी फायली म्हणून हातानेच तपासा.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो लायब्ररींत. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कची ५.३ आवृत्ती 'जावाएक्स'वर चालते. 'जकार्ता' हवं तर स्प्रिंग ६, आणि त्याला किमान जावा १७ लागतं. एखाद्या जारचा (तयार लायब्ररीच्या फाइलचा) सोर्सच हाताशी नसेल, तर टॉमकॅटचं मायग्रेशन टूल तयार जारमधली नावं बदलून देतं. अशा अडलेल्या जारसाठी ते जरूर वापरा. स्वतःच्या कोडला मात्र त्याची कायमची कुबडी देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

जावा आणि टॉमकॅट एकाच रात्री बदलणं

टॉमकॅट ९ जावा १७ वर चालतो. म्हणून आधी फक्त जावा बदला, काही आठवडे प्रॉडक्शनमध्ये (खऱ्या वापरात) चालू द्या आणि मगच १०.१ कडे वळा. दोन्ही एकदम बदललं की बिघाड कुणामुळे झाला हे शोधणं कठीण होतं. सीएमएस गार्बेज कलेक्टरचा (मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेचा) जुना पर्याय स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये राहिला असेल, तर जावा १७ सुरूच होत नाही. एप्रिल २०२१ पासूनच्या जावा अपडेटमध्ये टीएलएस (जोडणी एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल) १.० आणि १.१ मुळातच बंद आहेत, त्यामुळे जुन्या डेटाबेसशी हँडशेक (जोडणीची सुरुवात) तुटतो आणि दोष टॉमकॅटवर येतो.

जुना कॉन्फ (सेटिंग्जचा) फोल्डर उचलून नव्यावर टाकणं

टॉमकॅट १० च्या वेब.एक्सएमएलमध्ये रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्ससाठी यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) आधीच लिहिलेलं असतं. जुनी फाइल त्यावर टाकली की त्या ओळी जातात. "लॉगिन झालं, टेस्ट झाली" एवढ्यावर थांबू नका. फॉर्ममध्ये 'अक्कलकोट' किंवा 'ज्ञानेश्वर' लिहा, सेव्ह करा आणि डेटाबेसमध्ये जाऊन अक्षरं बघा. ९.०.३१ च्या आधीची सर्व्हर.एक्सएमएल असेल आणि अपाचे वेब सर्व्हर समोर असेल, तर दोघांना जोडणारा एजेपी कनेक्टर सीक्रेट (गुप्त शब्द) मागतो. ते दोन्ही बाजूंना द्यावं लागतं.

परतीची वाट न तपासणं

कॅटालिना होम (टॉमकॅटचा प्रोग्राम) आणि कॅटालिना बेस (तुमची सेटिंग्ज आणि ॲप्लिकेशन) वेगळे ठेवले, तर जुना सर्व्हर पुन्हा उभा करायला काही मिनिटं लागतात. डेटाबेसचं तसं नाही. हायबरनेट ६ मध्ये (डेटाबेसशी बोलणारी जावा लायब्ररी) सीक्वेन्सची (नोंदींना क्रमाने आयडी देणाऱ्या काउंटरची) डीफॉल्ट नावं बदलली आहेत. स्कीमा (टेबलांची रचना) आपोआप अपडेट होऊ दिला, तर नवा सीक्वेन्स १ पासून सुरू होतो आणि जुन्या नोंदींच्या आयडीशी टक्कर होते. आपोआप अपडेट बंद ठेवा, सीक्वेन्सची नावं कोडमध्ये स्पष्ट लिहा, आणि प्रॉडक्शनच्या डेटाची प्रत घेऊन तिच्यावर नव्या आवृत्तीकडे जाणं आणि जुनीकडे परत येणं, दोन्हीची तालीम करा.